सात वाजताची हाक

माझ्या मामेसासऱ्यांना पृथ्वीच्या पाठीवरचं सगळं ऐकू येतं, फक्त स्वतःच्या घरातलं तेवढं सोडून. ही तक्रार मूळची मामींची. पण बावीस वर्षं तिचा साक्षीदार राहिल्यामुळे आता ती माझीही झाली आहे. कारंजा घाडग्याच्या त्यांच्या घरात माडीवर एक खोली आहे. त्या खोलीत बसलं की त्यांना ब्राझीलमधला माणूस नुसता खाकरला तरी कळतं, आणि तो कोणत्या दिशेला अँटेना करून खाकरला तेही कळतं. खाली स्वयंपाकघरातून मामींनी "जेवाले या" म्हणून चार वेळा हाक मारली, तर मात्र त्यांच्या कानावर माशीही बसत नाही. सुरुवातीच्या काळात मामींकडे यावर एक रामबाण उपाय होता. पाचव्या वेळी ओरडण्याऐवजी त्या जिन्याखालचा मेन स्विच पाडत. मग वरून तत्काळ आवाज येई, "काऊन? का झालं?" पुढे मामाजींनी एका ट्रकची जुनी बॅटरी माडीवर चढवून घेतली, सेट तिच्यावर जोडला आणि मामींच्या हातातलं एकुलतं एक हत्यार काढून घेतलं.

हे माझ्या बायकोचे सख्खे मामा. महामार्गावर त्यांचं पंपाच्या मोटारी वाइंड करायचं दुकान होतं. जळालेली मोटार उघडायची, काळी पडलेली तार उपसून काढायची आणि नवी तांब्याची तार वेढ्यावर वेढे मोजत भरायची, हे काम त्यांनी चाळीस वर्षं केलं. आता दुकान मुलगा पाहतो. तांब्याच्या तारेचा सहवास इतका लांबला की तो घरी आला आणि हौशी रेडिओ होऊन माडीवर बसला. हौशी रेडिओ म्हणजे आपल्या हातानं बांधलेल्या यंत्रावर, सरकारची परीक्षा देऊन, परवाना घेऊन, जगातल्या तसल्याच दुसऱ्या हौशी माणसांशी बोलायचं. सरकार प्रत्येकाला पाच-सहा अक्षरांचं एक नाव देतं, त्याला कॉल साइन म्हणतात. मामाजींना ती आई-वडिलांनी ठेवलेल्या नावापेक्षा प्यारी आहे. दारावरच्या पाटीवर ती आहे, मोटारसायकलवर ती आहे, आणि मुलाच्या लग्नपत्रिकेत "आपले विनम्र" खाली त्यांच्या नावापुढे कंसात तीच आहे. पुष्कळ पाहुण्यांना ती एखादी परदेशी पदवी वाटली आणि त्यांनी आहेर करताना जरा वाकून नमस्कार केला.

मोबाईलच्या काळात हा खटाटोप कशाला, असं त्यांना कुणीतरी दर आठवड्याला विचारतंच. त्यांचं उत्तर ठरलेलं आहे. "मोबाईलवर नंबर लावला का ठरलेला मानूस सापडते. इथं हाक मारली का कोनीतरी भेटते. सापडनं येगळं अन् भेटनं येगळं."

मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तो मुलगी पाहायला गेलो तेव्हा. पोहे संपले, वडीलधाऱ्यांच्या चौकश्या संपल्या, आणि मामा या नात्यानं ते मला "चाला वर" म्हणून माडीवर घेऊन गेले. मी धास्तावलो. आता पगार, व्यसन वगैरे एकांतातली चौकशी होणार असं धरून चाललो होतो. त्यांनी माझ्या हातात एक मायक्रोफोन दिला आणि म्हणाले, "एक ते दहा म्हना." मी म्हटले. समोरच्या मीटरचा काटा थरथरला. "हवेत सोडलं नाई," त्यांनी मला धीर दिला, "तुमाले परवाना नाई, नियमात बसत नाई. निस्तं मोजून राह्यलो." मग पुन्हा एकदा एक ते दहा. मग खाली जाऊन त्यांनी भरल्या बैठकीत निकाल सांगितला, "पाच-सात. आवाज साफ हाय, जोर जरासा कमी हाय. पोरगा चालते." माझं लग्न त्या काट्यावर ठरलं.

हा पाच-सातचा प्रकार त्यांच्या धंद्यातला रिपोर्ट. समोरच्याचं बोलणं किती कळतं त्याला पाचपैकी मार्क, किती जोरात येतं त्याला नवापैकी. पाच-नऊ म्हणजे सर्वोत्तम. मामाजी हा रिपोर्ट सगळ्या सृष्टीला देतात. मामींची पाटवडी पाच-नऊ. सुनेच्या हातची पाच-चार, म्हणजे मीठ-मसाला सगळं कळतं पण झणका नाही. गावात भाषणाला आलेल्या एका मोठ्या पाहुण्यांना त्यांनी मंडपातच, पाहुण्यांच्या तोंडावर, दोन-नऊ दिले होते: जोर भरपूर, कळलं काहीच नाही. कुणी म्हटलं, मामाजी, पाहुण्याला पाच-नऊ म्हणायला काय जातं? त्यावर ते असे रागावले की जणू त्यांना कुणी दुधात पाणी घालायला सांगितलं. "रिपोर्ट खोटा द्याचा नसते," ते म्हणाले. "समोरचा आपल्या रिपोर्टवर त्याचा सेट लावते. खोटं सांगतलं त थो बिचारा बिघडलेलाच बसन ना." या एकाच बाबतीत ते घरात, गावात आणि आकाशात कुणाची भीड धरत नाहीत. मामींच्या पाटवडीला रिपोर्ट मिळतो, मामींच्या आवाजाला मात्र कधी मिळाला नाही. त्या म्हणत, "मायं काय, मायी त हाकच तिथलोक पोचत नाई."

दुसरी सवय "ओव्हर"ची. यंत्रावर एका वेळी एकच जण बोलू शकतो. त्याचं संपलं की तो "ओव्हर" म्हणतो आणि बटन सोडतो, मग दुसरा बोलतो. ही शिस्त मामाजींना इतकी पटली आहे की सगळ्या जगानं ती पाळावी असं त्यांना वाटतं. भाजीवाल्याशी बोलताना ते "वांगे कसे दिले, ओव्हर" म्हणून गप्प उभे राहतात. भाजीवालाही आता सरावला आहे. मी जावई म्हणून नाइलाजानं म्हणतो. मामी मात्र एवढ्या वर्षांत एकदाही म्हणाल्या नाहीत. "मायं बोलनं संपन तवा म्हनीन," असं त्यांनी लग्नानंतर पहिल्याच वर्षी जाहीर केलं आणि अजून तरी ते संपलेलं नाही.

त्यांच्यापायी गावावर ओढवलेले प्रसंग सांगायचे तर वही लागेल. पूर्वी त्यांच्याकडे एक जुन्या पद्धतीचं, स्वतः बांधलेलं प्रेषणयंत्र होतं. त्याची लाट इतकी दणकट की आसपासच्या कुठल्याही ध्वनिक्षेपकात घुसून बोलू लागे. आता, यंत्रावर नाव-गाव अक्षरागणिक सांगायचं तर प्रत्येक इंग्रजी अक्षराला एक ठरलेला शब्द आहे, आणि वर्ध्याच्या पहिल्या अक्षराचा शब्द आहे व्हिस्की. आमचा जिल्हा दारूबंदीचा. मंदिरात सप्ताह चालू, कीर्तनकार बुवा नुकतेच व्यसनावर आलेले, आणि कर्ण्यातून मामाजींचा खणखणीत आवाज, "व्हिस्की! व्हिस्की! पुन्यांदा सांगतो, व्हिस्की!" बुवांनी टाळ खाली ठेवले. चार माणसं चौकशीला घरी आली तेव्हा मामाजी त्यांच्यावरच खूश झाले. "आवाज साफ आलता का? पाच-नऊ?"

आणि अँटेना. गच्चीवरच्या बांबूपासून शेजारच्या कडुनिंबापर्यंत गेलेली मोटारीतल्या तांब्याची तार, बरोब्बर वीस मीटर. कारण त्यांची लाट चाळीस मीटरची आणि तार तिच्या निम्मी लागते. तार नेमकी निम्मी असली की यंत्रातली सगळी शक्ती आकाशात जाते. कमी-जास्त झाली की ती परत यंत्रात येऊन त्यालाच तापवते. मामींना एवढंच दिसत होतं की ऐन उन्हात वीस मीटर दोरी रिकामी लोंबते आहे. त्यांनी तिच्यावर ओलं लुगडं टाकलं. वरून मामाजी धावत आले. "ह्या लुगड्यानं मायी तार लांब झाली!" मामींनी तार पाहिली, लुगडं पाहिलं, आणि शांतपणे म्हणाल्या, "तार तेवढीच हाय. तुमची अक्कल आखूड झाली."

यंत्राचं विज्ञान मला समजावं अशी त्यांची फार इच्छा. मी कॉलेजात इतिहास शिकवतो. विजेशी माझा संबंध बिल येण्यापुरता. तरी एक गोष्ट त्यांनी माझ्या डोक्यात पक्की बसवली, आणि ती बसली म्हणूनच पुढचा प्रसंग मला सांगता येतो. ते मला दुकानात घेऊन गेले आणि दोन मोटारी शेजारी शेजारी सुरू केल्या. दोन्हींची सारखीच गुणगुण. मग एकीचा वेग किंचित कमी केला. त्याबरोबर दोन्हींच्या आवाजातून तिसराच एक आवाज उठला, वंव, वंव, वंव. "हा आवाज कोन्त्या मोटारीचा?" त्यांनी विचारलं. मग त्यांनीच सांगितलं, "कोनाचाच नाई. दोघीतला फरक हाय थो. आता अजून फरक वाढवतो, आयका." वंव-वंव भराभर होऊ लागलं. रेडिओचंही तसंच, ते म्हणाले. दुरून येणाऱ्या लाटेला स्वतःचा आवाज नसतोच. आपल्या सेटमध्ये आपली एक लाट तयार असते. आलेली लाट आणि घरची लाट यांच्यातला फरक आपल्याला शिट्टीसारखा ऐकू येतो. ती शिट्टी बारीक ठेवायची की जाड, ते समोरच्याच्या हातात नाही. आपण आपली लाट कुठे ठेवतो त्यावर ते आहे.

आता मास्तरांबद्दल सांगतो, कारण सगळं त्यांच्यावरच येऊन ठेपतं. तामिळनाडूत डोंगराच्या कडेला कुठल्याशा गावात एक निवृत्त शाळामास्तर आहेत. माझ्या लग्नाच्याही आधीपासून, रोज सकाळी सात वाजता, ते आणि मामाजी भेटतात. मास्तरांना हिंदी येत नाही, मामाजींना तामिळ येत नाही, आणि इंग्रजी दोघांचंही शाळेच्या गेटपर्यंतचं. म्हणून ते तोंडानं बोलतच नाहीत. तारेच्या चावीवर बोलतात, लांब आणि आखूड ठोक्यांत, पूर्वीच्या तार ऑफिसात चाले तसं. त्या भाषेत सगळी वाक्यं अर्धी असतात, व्याकरणाला जागाच नसते, त्यामुळे चुका निघत नाहीत. पाऊस. नाही. गुडघा. बरा. नातू. पास. एवढ्यावर त्यांची इतक्या वर्षांची मैत्री उभी आहे. दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नाही, फोटोसुद्धा नाही, फोन नंबर घ्यायचा नाही असा दोघांचा करार आहे. पण ठोक्यावरून माणूस ओळखता येतो म्हणतात. मास्तर शेवटचा लांब ठोका जरा ओढतात, ऐटीत. मामाजी म्हणतात की तो ऐकल्यावर त्यांना मास्तरांची मिशी दिसते.

मास्तरांची पत्नी गेली तेव्हा त्यांनी एवढंच कळवलं होतं, "घरात आवाज नाही." मामाजींनी उत्तर दिलं, "सात वाजता आहे." त्यानंतर मामाजी सात वाजता कधी चुकले नाहीत. ताप असला तरी, मुलाच्या लग्नाच्या दिवशी हळद लागलेल्या हातांनीसुद्धा.

आणि गेल्या हिवाळ्यात मास्तरांचा आवाज बुडू लागला.

आधी मधूनमधून. मग रोज. मामाजी म्हणाले, बारीकशी शिट्टी येते आहे, सतत, कुठूनतरी, आणि ती नेमकी मास्तरांच्या सुरावर बसते. हल्ली घराघरांतली यंत्रं अशी घाण हवेत सोडतात हे खरं आहे. स्वस्तातले दिवे, चार्जर, छपरावरचे सौर संच, सगळे काही ना काही किरकिरत असतात. मामाजींनी मोहीमच काढली. त्यांनी घरातले सगळे एलईडी दिवे काढून जुने पिवळे लावले. देवघरातली झगमगती माळ गेली. मग खिशातला ट्रान्झिस्टर कानाशी धरून ते गल्लीगल्लीत फिरू लागले. लोकांच्या मीटरपाशी कान लावून उभं राहायचं आणि दार वाजवून सांगायचं, "तुमचा चार्जर रडून राह्यला, काढा त्याले." शेजाऱ्यांनी प्रेमाखातर काढले. गाव संपलं तेव्हा ते शेतात शिरले. इकडे रानडुकरांसाठी कुंपणाला झटका मशीन लावतात; तारेला कुठे ओलं गवत टेकलं की तिथून दर सेकंदाला ठिणगी उडते आणि रेडिओत टक्, टक् ऐकू येतं. मामाजी ट्रान्झिस्टरवर तो टक्-टक् पकडत बांधाबांधानं जात आणि नेमक्या त्या गवताच्या काडीपाशी थांबत. शेतकऱ्यांना हा चमत्कार वाटला. ज्यांच्या कुंपणाचा करंट जात होता ते मोटारसायकल घेऊन त्यांना न्यायला येऊ लागले. एका हंगामात त्यांनी अख्ख्या शिवाराची कुंपणं दुरुस्त केली, ठिकठिकाणी संत्री खाल्ली, आणि शिट्टी जिथल्या तिथे राहिली.

मग एका आठवड्यात मास्तर अजिबातच येईनासे झाले. मामींचा मला फोन आला. "जवाईबापू, एकडाव येऊन जा. तुमचे मामाजी धड जेवून नाई राह्यले. मास्तर गेले म्हनते. अन् आता थो बांबू काढतो म्हनते, सेट कोनाले देऊन टाकतो म्हनते." मी वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेतल्या माझ्या घरून निघालो, आर्वीमार्गे एसटीनं संध्याकाळी पोचलो. मामाजी ओसरीवर बसले होते. माझ्याकडे पाहून म्हणाले, "बसा." ओव्हर म्हणाले नाहीत. तेव्हा मला खरी भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला मी त्यांच्यामागे माडीवर गेलो. त्यांनी सगळं रीतसर केलं. खाली जाऊन स्वतः मेन स्विच पाडला, म्हणजे घरातलं काहीच किरकिरणार नाही. सेट बॅटरीवर सुरू केला. हेडफोन लावले, बराच वेळ ऐकलं, आणि मान हलवली. "पाहा. सात होऊन गेले. निस्ती शिट्टी. कानाले लावा, तुमाले बी आयकू येईन."

मी हेडफोन लावले. कढईत पोहे भाजावेत तशी बारीक सरसर, आणि तिच्यात, स्वच्छ, कुणीतरी ठोके देत होतं. टा-टिट, टा-टा, थांबून पुन्हा तेच. शिट्टी नव्हती.

"मामाजी, शिट्टी कुठे आहे?" मी म्हटलं. "हे तर कुणीतरी वाजवतंय!"

"कुठं?" त्यांनी हेडफोन हिसकावून घेतले. ऐकलं. डोळे मिटून ऐकलं. "कुठं?"

मामी चहा घेऊन दारात आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "रोजच त बोलावून राह्यले मास्तर. खालीलोक आयकू येते, तुमी कानाले थ्या टोप्या लावून नसले का. मी रोज सांगून राह्यली, अवो, ते बोलावून राह्यले, बोला ना. मले वाटलं तुमचं भांडन झालं."

"का म्हनते?" मामाजींनी मला विचारलं.

तीन हात अंतर नव्हतं. मी मोठ्यानं, सावकाश, मामींचं बोलणं पुन्हा सांगितलं. ते मामींकडे वळले. "तुले कसं समजलं मास्तरच हाय म्हनून?"

मामींनी ट्रे टेबलावर ठेवला. "इतके वर्सं झाले, तुमाले हाक मारते तवा असंच मारते ना ते." आणि त्यांनी तर्जनीच्या नखानं स्टीलच्या ट्रेवर ठोके दिले. लांब, आखूड, लांब, सगळी अक्षरं, एकही न चुकता. आणि शेवटचा लांब ठोका जरा ओढून, ऐटीत. मामींना ते कुणी शिकवलं नव्हतं. त्यांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. घरात रोज येणाऱ्या माणसाची दारावरची थाप ओळखावी तशी ती त्यांच्या कानात बसली होती.

मामाजी त्यांचं बोट पाहत होते. ऐकत नव्हते, पाहत होते. "हे मायं नाव हाय," ते म्हणाले.

मग त्यांनी सेट बंद केला. बॅटरीची तार काढली. खोलीत एवढी शांतता झाली की खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकचं गिअर बदलणं ऐकू आलं. मामाजी ताठ बसून होते. "अजून वाजून राह्यली," ते हळूच म्हणाले. "सेट बंद हाय. मेन बंद हाय. अन् शिट्टी चालूच हाय." त्यांनी एक हात उजव्या कानावर ठेवला, मग डाव्या. "मायातच हाय ते."

शिवारातल्या गवताची काडी दोन कोसांवरून शोधणाऱ्या माणसाला स्वतःच्या कानातली शिट्टी सापडायला सगळ्या गावाचे चार्जर काढावे लागले. एरवी मी हसलो असतो. त्या वेळी मला त्यांच्याकडे बघवेना. मामी पदराचं टोक हातात धरून उभ्या होत्या. त्या इतकंच म्हणाल्या, "मले वाटे, मुद्दाम करते."

मी इथे रडारडीची तयारी केली होती. पण मी मामाजींना ओळखत नव्हतो असंच म्हणायला हवं. मोटार कशानं जळाली हे कळलं की कारागिराच्या चेहऱ्यावर एक समाधान येतं, तसं काहीतरी हळूहळू त्यांच्या तोंडावर आलं. "म्हनजे मास्तर हायेत," ते म्हणाले. त्यांनी बॅटरी पुन्हा जोडली. सेट उजळला. मग ते एका बारक्या बटनाकडे बोट दाखवून माझ्यावरच डाफरले, "जवाईबापू! सूर कोन ठरवते? ते का मी?"

"तुम्ही," मी म्हटलं. दोन मोटारी आठवल्या.

"मंग मी काऊन त्याले शिट्टीच्या जागेवर ठेवून राह्यलो?" त्यांनी बटन फिरवलं. मास्तरांचा सूर बारीक, किणकिणता होता तो जाड झाला, मग आणखी जाड, शेवटी चक्कीच्या भोंग्याइतका खाली आला. घरची लाट सरकवली, फरक बदलला. आणि मास्तर शिट्टीच्या खालून, वाकून, आत आले. मामाजींचे डोळे भरले. हात मात्र चावीवर गेला होता.

पुढचं संभाषण त्यांनी मला शब्दाशब्दानं सांगत सांगत केलं. मास्तरांनी विचारलं: कुठे होतात. मामाजी: गोंगाट होता. मास्तर: सापडला? मामाजी: सापडला. मास्तर: कशात? मामाजींनी ठोकलं: ऑपरेटरमध्ये.

मग तिकडून सहा आखूड ठोके आले, चार आणि दोन. मला कळलं नाही. दारातून मामी म्हणाल्या, "हासले मास्तर."

पुढच्या आठवड्यात मी त्यांना वर्ध्याला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. तपासणीच्या काचेच्या खोलीत बसवून कानात बारीक-मोठे आवाज सोडतात आणि ऐकू आलं की बटन दाबायचं असतं. मामाजींनी बटन दाबलं नाही, कागद मागून घेतला आणि तारेचे ठोके समजून ते आवाज उतरवत बसले. अर्ध्या तासानं बाहेर येऊन त्या तपासणाऱ्या मुलीला म्हणाले, "बाई, तुमचा हात कच्चा हाय. एक बी शब्द बनून नाई राह्यला." डॉक्टरांनी सांगितलं की बारीक आवाज त्यांना बरीच वर्षं ऐकू येत नसावेत, वयानं होतं ते, शिट्टीही त्यातलीच, ती जाणार नाही. ऐकायचं यंत्र दिलं. मामाजींनी ते घरी नेऊन आधी उघडून पाहिलं. आतलं काम आवडलं म्हणाले. पण माडीवर ते लावलं की तेच सेटमध्ये किरकिरतं, म्हणून बहुतेक वेळ डबीत असतं.

परतताना गाडीत मी हिशेब लावत होतो. मामींचा आवाज बारीक. मामाजींना ऐकू गेलं नाही की त्या आणखी मोठ्यानं, आणखी वरच्या पट्टीत हाक मारत. म्हणजे इतकी वर्षं मामींची हाक वर वर जात राहिली आणि मामाजींचे कान खाली खाली येत राहिले, एकाच घरात. त्यात कुणाचा दोष नव्हता, आणि तरी मला फार वाईट वाटलं. मी ते घरी बायकोपाशी बोललो असेन. तिनं ते मामींना सांगितलं असणार.

कारण मागच्या महिन्यात मी कारंज्याला गेलो होतो. दुपारी माडीवर मामाजी मला एका नव्या वेटोळ्याचं विज्ञान समजावत होते. डबी टेबलावर होती, बंद. मामी जिना चढून वर आल्या. हाका मारत नव्हे, वर येऊन. दारात उभ्या राहिल्या, मामाजींनी पाहीपर्यंत थांबल्या, आणि देवळात बोलावं तसं, खालच्या पट्टीत, एकेक शब्द सोडत म्हणाल्या, "जेवाले चाला. पानं वाढले." मग जराशा लाजल्या, माझ्याकडे न बघता पुढे म्हणाल्या, "ओव्हर."

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेतला "का म्हनते?" मला कळला. मामींना दिसणार नाही अशा बेतानं मी पाच बोटं तोंडाशी नेली, जेवण.

ते लगबगीनं उठले. दाराशी जाऊन मामींसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "पाच-नऊ."

मी त्यांना खोटा रिपोर्ट देताना पाहिलं ते तेवढं एकदाच.